रहिवासी कोणाला म्हणायचे?
(नारायणगड, जि. बीड येथील व्याख्यान)

२०१६ सालच्या आधार कायद्याने ‘नागरिक’ हा शब्द बाजूस ठेवून ‘रहिवासी’ हा शब्द स्वीकारला. मागील बारा महिन्यांत १८२ दिवस वा अधिक काळ भारतात राहिलेल्या परदेशी माणसालाही पारपत्र आणि वैध व्हिसा दाखवून आधार मिळू शकतो. त्यात आक्षेपार्ह काही नाही. जो येथे राहतो, राबतो, त्याला ओळख नाकारणे समाजवाद्यास शोभत नाही.

मात्र त्याच कायद्याचे नववे कलम सांगते की, आधार हा नागरिकत्वाचा पुरावा नव्हे, अधिवासाचाही नव्हे. म्हणजे पुण्यात नोकरीस आलेला जर्मन अभियंता आणि या गडाच्या पायथ्याचा ऊसतोड मजूर, दोघांच्या हातातील कार्ड याबाबतीत सारखेच मुके. अभियंत्याच्या खिशात निदान पारपत्र असते. मजुराजवळ काय असते? दसरा झाला की बिऱ्हाड गाडीत घालून तो कोल्हापूर-बेळगावकडे निघतो आणि हंगाम संपेपर्यंत कोपीत राहतो. उचल देताना मुकादमाला त्याचा अंगठा बिनबोभाट चालतो. कोयत्याने झिजलेला तोच अंगठा रेशन दुकानातील यंत्राला मात्र कित्येकदा ओळखू येत नाही!

अंगठा जुळला नाही एवढ्याच कारणाने धान्य नाकारू नये, असे केंद्र सरकारचे २०१७ सालचे निर्देश आहेत. ते प्रत्येक रेशन दुकानाच्या फळ्यावर मराठीत लिहावेत, ही मागणी टोळ्या गाव सोडण्यापूर्वीच तहसील कचेरीत गेली पाहिजे.