गाण्याची पेटी आणि बिनतारी ध्वनिवर्धक

झाशीच्या जुन्या परकोटाच्या आत मराठी कुटुंबे अठराव्या शतकापासून नांदत आली आहेत. प्रथम नारो शंकर यांच्या सुभेदारीबरोबर आणि पुढे नेवाळकरांच्या अमदानीत देशावरून व कोकणातून आलेल्या या मंडळींनी भाषा जशी जपली, तसे गाणेही जपले. ग्वाल्हेर तेथून सुमारे शंभर किलोमीटरांवर. त्यामुळे एकीकडे ग्वाल्हेरचा ख्याल आणि दुसरीकडे महाराष्ट्रातून आलेले नाट्यसंगीत, असा दुहेरी ओढा अशा घरांत असावा, हे स्वाभाविकच होय.

अशा एखाद्या घरातील संग्रहाने किती वेष पालटले ते पाहण्यासारखे आहे. आधी लाखेच्या ध्वनिमुद्रिका. एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे. मग फिती, मग कॅसेटी, मग चकचकीत सीडी. आता हे सारे तळहातावर मावणाऱ्या हार्ड डिस्कच्या पेटीत येऊन बसले आहे. सीडीच्या दर्जाचे एक तासाचे गाणे सुमारे ६३५ मेगाबाइट जागा घेते. म्हणजे एक टेराबाइटच्या पेटीत ते दीड हजार तास राहते. लाखेच्या ध्वनिमुद्रिकांच्या हिशेबाने हे तेरा-चौदा हजार मुद्रिकांचे भांडार झाले! १९५६ साली आयबीएम कंपनीने बाजारात आणलेल्या पहिल्या हार्ड डिस्क यंत्रात दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्या होत्या आणि त्या सर्वांत मिळून पन्नास लाख अक्षरे मावत. त्यात एक चीजसुद्धा धडपणे राहिली नसती.

कोणी म्हणेल, आज इंटरनेटवर हवे ते गाणे क्षणात ऐकता येते, मग ही पेटी कशाला? बालगंधर्वांची पदे किंवा कृष्णराव शंकर पंडितांचे ख्याल तेथे मिळतात, हे खरेच. परंतु घरच्या मंगळागौरीत ध्वनिमुद्रित केलेली आजीची गाणी किंवा गणेशोत्सवात कॅसेटवर टिपलेली कोणा हौशी गायकाची मैफल जगाच्या कोणत्याही दुकानात मिळत नाही. संग्रहाचे खरे मोल या मूठभर नादांत आहे.

ही पेटी बिनतारी ध्वनिवर्धकाला जोडावी, ही इच्छा साधी. पण तिची पूर्तता वाटते तितकी सरळ नाही. पहिला घोटाळा छिद्राचाच. यूएसबीचे छिद्र दिसले म्हणजे ते संग्रह वाचतेच, असे नाही. कित्येक ध्वनिवर्धकांत ते केवळ विद्युत्भारणासाठी किंवा दुरुस्तीसाठी असते. गाणे वाचून दाखवायचे, तर ध्वनिवर्धकाच्या पोटात एक लहानसा संगणक यजमान म्हणून बसलेला असावा लागतो. माहितीपुस्तिकेत तसे स्पष्ट लिहिले नसेल, तर ते नाही असेच समजावे.

यजमान असला, तरी पाहुण्याला जेवू घालण्याची त्याची ऐपत आहे काय, हा दुसरा प्रश्न. यूएसबीच्या दुसऱ्या आवृत्तीत पाच व्होल्टवर अर्धा ॲम्पिअर प्रवाहाची हमी असते. तबकडी प्रथम फिरू लागते, तेव्हा पुष्कळ पेट्यांना याहून अधिक प्रवाह हवा असतो. तो न मिळाल्यास आतून टक् टक् असा आवाज येतो आणि गाणे काही सुरू होत नाही. पेटी बिघडली, असे समजून ती टाकून देण्याची घाई या वेळी करू नये. स्वतंत्र वीजपुरवठा असलेला यूएसबी हब मध्ये घातला की बहुधा काम भागते. मोठ्या, साडेतीन इंची पेटीला तर स्वतःचा पुरवठा लागतोच.

तिसरी अडचण लिपीची म्हणता येईल. पेटीवरील नोंदवहीच्या मांडणीचे अनेक प्रकार आहेत: फॅट-३२, एक्सफॅट, एनटीएफएस, ॲपलची निराळी. ध्वनिवर्धकाला यांतील एकदोनच वाचता येतात. मांडणी बदलताना पेटीवरील सर्व मजकूर पुसला जातो, ही गोष्ट अनेकांना पुसून झाल्यावर कळते! काही यंत्रांना देवनागरी नावेही दाखवता येत नाहीत. ‘भूप’, ‘मारवा’ यांच्या जागी रिकाम्या चौकटींची रांग उभी राहते. काही ठिकाणी संख्येचीही मर्यादा असते. सोनोस कंपनीच्या यंत्रणेत ती ६५,००० नोंदींची आहे, आणि तेथे पेटी थेट न जोडता जाळ्यावरून वाचली जाते.

हा जाळ्याचा मार्गच पुष्कळदा अधिक सोयीचा. घरात वायफाय पुरवणाऱ्या राउटरला यूएसबीचे छिद्र असल्यास पेटी तेथे जोडावी आणि ध्वनिवर्धकाने ती हवेतून वाचावी. ब्लूटूथ गाण्याची नवी, आकुंचित आवृत्ती पाठवते. वायफायवरून मूळ प्रतच जाऊ शकते. मात्र जुन्या वाड्यांच्या जाड दगडी भिंती बिनतारी लहरींना अडवतात. त्यातही पाच गिगाहर्ट्झच्या लहरी आधी हार मानतात, आणि चोवीसशे मेगाहर्ट्झच्या काहीशा तग धरतात.

पण झाशीत या सर्वांहून मोठा शत्रू म्हणजे उन्हाळा. मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो, आणि अनेक पेट्यांवर भोवतालचे तापमान ३५ अंशांपर्यंत असावे, अशी अट असते. पेटीत वाचनाचे मस्तक तबकडीपासून केवळ काही नॅनोमीटर अंतरावर तरंगत असते. तबकड्यांसमोर मोठ्याने ओरडले, तरी त्यांचे काम अडखळते, हे ब्रेंडन ग्रेग या अभियंत्याने २००८ साली प्रत्यक्ष दाखवून दिले. तेव्हा पेटी ध्वनिवर्धकाच्या डोक्यावर ठेवून वर तबल्याचा डग्गा घुमवणे, हा निव्वळ अविचार होय. अंगभूत हालचाल नसलेली एसएसडी पेटी या बाबतीत सोशीक. परंतु तीही विजेवाचून उष्ण कपाटात वर्षानुवर्षे पडून राहिली, तर तिच्यातील नोंदी क्षीण होण्याचा धोका असतो.

म्हणून ध्वनिवर्धकाला जोडलेली पेटी ही मूळ संग्रह असता कामा नये. ती नक्कल असावी. झाशीला हे नव्याने सांगावे लागू नये. विष्णुभट गोडसे यांनी आपल्या प्रवासवृत्तात राजवाड्यातील ग्रंथालयाचे वर्णन केले आहे. हे वृत्त चिंतामण विनायक वैद्य यांनी १९०७ साली ‘माझा प्रवास’ या नावाने प्रसिद्ध केले. काशीच्या पंडितांनासुद्धा एखादा ग्रंथ हवा असल्यास झाशीहून त्याची नक्कल करून न्यावी लागे, अशी त्या संग्रहाची कीर्ती होती. एप्रिल १८५८ मध्ये ह्यू रोजच्या फौजा शहरात शिरल्या आणि तो संग्रह मातीस मिळाला. उरले असेल ते काशीला गेलेल्या नकलांत उरले असेल.

आज एक टेराबाइटची नक्कल उतरायला एक दुपार पुरते. ती ग्वाल्हेरला आत्याकडे किंवा पुण्याला मामाकडे ठेवावी आणि वर्षातून एकदा, दिवाळीला म्हणा, उघडून वाजवून पाहावी. कॅसेटींचे मात्र तसे नाही. त्या तासाच्या तासालाच उतराव्या लागतात आणि त्या वाजवणारी यंत्रे दरवर्षी दुर्मिळ होत आहेत. ज्या घरात अशी खोकी माळ्यावर आहेत, तेथे ध्वनिवर्धकाची खरेदी पुढच्या मोसमावर टाकून आधी ती खोकी खाली काढलेली बरी.