सुई खाली आली तेव्हा

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या भाषणाचा विषय मी "मोटारीचे पाणी" असा कळविला, तेव्हा चिटणीसबाईंचा समज झाला की मी पाणीटंचाईवर बोलणार. नळाची वाट पाहण्यात निम्मे आयुष्य घालविणाऱ्या आपल्या गावात असा समज होणे साहजिकच आहे. परंतु मला बोलायचे आहे ते मोटारीच्या पोटातल्या पाण्याविषयी, ज्याला हल्ली सर्वजण कूलंट म्हणतात. हे पाणी भर रस्त्यात एकाएकी गळू लागले तर काय करावे आणि काय करू नये, हे मला फार महागात शिकावे लागले आहे.

मोटारीचा विषय बायकांच्या मंडळात कशाला, असे कोणी मनात म्हणत असेल तर तिला एवढेच सांगते की मोटारीचे आणि सोलापूरचे नाते जुने आहे. वालचंद हिराचंद १८८२ साली आपल्याच सोलापुरात जन्मले. त्यांनी १९४४ साली मुंबईत प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली आणि १९४७ साली कुर्ल्याच्या कारखान्यातून मोटारी बाहेर पडू लागल्या. आज तर आपल्यापैकी कित्येकजणी स्वतः मोटार चालवितात आणि ज्या चालवीत नाहीत त्या शेजारी बसतात. मी शेजारी बसणाऱ्यांपैकी. माझे भाषण मुख्यतः शेजारी बसणाऱ्यांसाठीच आहे.

आमच्या ह्यांना तरुणपणापासून स्पोर्ट्स मोटारीचे वेड. दोन माणसांची, बुटकी, उघड्या छपराची. आपल्याकडे असल्या मोटारी फारशा झाल्याच नाहीत. गोव्यात १९९० नंतरच्या दशकाच्या अखेरीस सॅन स्टॉर्म नावाची एक बनू लागली होती. अंग फायबरचे आणि इंजिन रेनो या फ्रेंच कंपनीचे, ११४९ घन सेंटिमीटरचे. तिचे चित्र ह्यांनी कित्येक वर्षे टेबलाच्या काचेखाली ठेवले होते. निवृत्त झाल्यावर फंडातले पैसे काढून ह्यांनी एक जुनी, लाल, दोन आसनी मोटार घेतली. तिचे नाव मी सांगत नाही, कारण जे झाले त्यात तिच्या कर्त्यांचा काडीइतकाही दोष नाही. एकवीस वर्षांच्या रबराकडून आणखी किती अपेक्षा करायची?

२०१९ सालचा मे महिना होता. पुण्याहून आम्ही दोघे परत येत होतो. भिगवण, इंदापूर मागे पडले, भीमेचा पूल ओलांडला, टेंभुर्णीही गेली. दुपारचे दोन वाजले असतील. एवढ्यात मला गोडसर वास आला. साखरेचा पाक उतू जाऊन शेगडीवर पडला की येतो ना, तसा. मी म्हटले, "अहो, कसला तरी गोड वास येतोय." हे म्हणाले, "अगं, साखर कारखान्यांचा मुलूख हा. मळीचा वास असेल."

आता भगिनींनो, मे महिन्यात कसला कारखाना चालू असायला? गाळप केव्हाच आटोपलेले असते. हे मला समजत होते. तरीही मी बोलले नाही. थोड्या वेळाने समोरच्या तबकडीतली उष्णतेची सुई मधल्या खुणेवरून वर सरकू लागली. तीही मी पाहिली. मनात आले की आपण पुन्हा काही बोललो तर "तुला त्यातलं काय कळतं" असे ऐकावे लागेल. ह्यांनी तसे कधी म्हटलेले नाही, तरी मीच मनात ते म्हणून घेतले आणि गप्प बसले. सुई लाल रेघेपाशी पोचली तेव्हा ह्यांचेही लक्ष गेले. एवढ्यात ती झरकन खाली आली, अगदी तळाला. "बघ, निवली!" हे म्हणाले. आम्ही दोघेही निर्धास्त झालो. पुढे सहा-सात किलोमीटर गेलो असू, इंजिनातून ठोके ऐकू येऊ लागले आणि मोडनिंबच्या अलीकडे मोटार थांबली ती थांबलीच.

सुई खाली का आली, हे पुढे मिस्त्रींनी समजावून सांगितले. ज्या छोट्या भागावरून सुईला उष्णता कळते तो पाण्यात बुडालेला असावा लागतो. पाणी आटून त्याच्या खाली गेले की तो कोरडा पडतो आणि सुई खोटे सांगू लागते. म्हणजे सुई चढणे हा पहिला इशारा, आणि चढलेली सुई आपोआप एकदम पडणे हा त्याहून मोठा. मोटार निवण्याचे ते लक्षण नव्हे. निवणारी वस्तू हळूहळू निवते, हे चुलीपाशी उभ्या राहणाऱ्या बाईला काय सांगायचे! मलाही ते त्या क्षणी सुचायला हवे होते.

मोटार थांबताच हे उतरले, पुढचे झाकण उचलले आणि खांद्यावरचा पंचा हाताला गुंडाळून रेडिएटरच्या टोपणाकडे वळले. त्या वेळी मात्र मी गप्प राहिले नाही. मी त्यांचे मनगट धरले.

त्याला कारण होते. १९७३ साली मी नऊ वर्षांची होते. वडिलांची जुनी मोटार बोरघाटात तापून थांबली होती. माझ्या सोळा वर्षांच्या भावाने असाच पंचा गुंडाळून टोपण फिरविले. उकळत्या पाण्याचा फवारा त्याच्या मानेवर आणि गळ्यावर आला. कोणा प्रवाशाने खिशातल्या पेनची शाई त्यावर ओतली. तसले काही लावू नये, भाजलेला भाग वीस मिनिटे साध्या वाहत्या पाण्याखाली धरावा, हे तेव्हा आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हते. तो वाचला, पण आजही ऐन उन्हाळ्यात गळ्यापर्यंत गुंड्या लावून हिंडतो.

ही गोष्ट आपल्या कुकरसारखीच आहे. पाणी उघड्यावर सुमारे शंभर अंशांना उकळते. टोपण घट्ट लावून आत दाब वाढू दिला की तेच पाणी एकशेवीस अंशांच्या आसपासही न उकळता राहते. मोटारीत हेच करतात आणि त्यात ग्लायकॉल मिसळले की उकळण्याचा बिंदू आणखी वर जातो. टोपण सैल होताच दाब एकदम नाहीसा होतो आणि आतले पाणी एका क्षणात वाफ होऊन बाहेर धावते. कुकरचे झाकण आपण वाफ जिरल्याशिवाय उघडत नाही, इथेही तेच. निदान पाऊणएक तास थांबावे. रबरी नळी हाताने दाबून मऊ आणि कोमट लागली, तर जाड कापड धरून टोपण थोडेसे फिरवावे, फुसकारा संपू द्यावा आणि मगच पुरते काढावे.

आम्ही त्या दिवशी लिंबाच्या सावलीत बसलो होतो. एक ट्रकवाले थांबले. त्यांनी वाकून पाहिले, "ओ काकू, नळीच गेलीया की!" असे म्हणाले आणि आपल्या कॅनमधले पाणी देऊ लागले. त्यांनीच बजावले, "आत्ता ओतू नका, इंजिन तडकंल." तापलेल्या धातूवर गार पाणी पडले की तो चिरकतो. पाणी घालायचे ते इंजिन निवल्यावरच.

आता थोडे आधीचे, म्हणजे गळती नुकतीच सुरू झाली असता काय करावे ते. प्रथम वातानुकूलन बंद करावे. ताबडतोब जागा मिळत नसेल तर हीटर पुरा चालू करावा, म्हणजे इंजिनातली काही उष्णता आत येते. सोलापूरच्या मे महिन्यात हीटर लावणे ही शिक्षाच आहे, पण ती दोन मिनिटांची असते. आतले पाणी पुरते गेले असेल तर हीटरचाही उपयोग नाही. कडेला थांबून इंजिन बंद करावे आणि माणसांनी मोटारीपासून दूर सावलीत बसावे.

झाकण उघडून वाकून पाहताना पदर, ओढणी आणि वेणी आवरून घ्या. नव्या धर्तीच्या मोटारींत पंखा विजेवर चालतो आणि किल्ली काढल्यावरही तो एकाएकी सुरू होऊ शकतो. हे मला फार महत्त्वाचे वाटते, कारण मोटारींची माहिती देणारे बहुधा पुरुष असतात आणि पदराची आठवण त्यांना होत नाही.

खाली सांडलेले पाणी पाहून घाबरायचेही कारण नाही. वातानुकूलनाचे पाणी नेहमीच ठिबकते. ते स्वच्छ असते आणि त्याला वास नसतो. कूलंट हिरवे, तांबडे किंवा गुलाबी असते, बोटांना बुळबुळीत लागते आणि गोडसर वासाचे असते. बोट लावून पाहिलेत तर हात लगेच धुवा आणि चव मुळीच पाहू नका. त्यातले इथिलीन ग्लायकॉल विषारी आहे, त्याने मूत्रपिंडे निकामी होतात. गोड असल्यामुळे मुले आणि कुत्री-मांजरे त्याला फसतात. म्हणून उरलेले कूलंट सरबताच्या जुन्या बाटलीत कधीही भरून ठेवू नये. कोणी प्यायलेच तर घरगुती उपायात वेळ न दवडता थेट इस्पितळ गाठावे.

मघाशी एका भगिनींनी हळदीविषयी विचारले. होय, गळक्या रेडिएटरमध्ये हळद टाकण्याची युक्ती ट्रकवाल्यांत प्रसिद्ध आहे आणि बारीक छिद्र असेल तर तिने गळती काही काळ थांबतेही. पण तीच हळद हीटरच्या आणि रेडिएटरच्या बारीक नळ्यांतही जाऊन बसते. जुन्या स्पोर्ट्स मोटारीत तर नाहीच नाही. तिची जागा हळदीकुंकवातच बरी. फाटलेल्या रबरी नळीवर सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळावी आणि तारेने आवळावी, हे त्याहून बरे. मग टोपण शेवटच्या फेऱ्यापर्यंत न आवळता, आतला दाब वाढू न देता, सावकाश जवळच्या गॅरेजपर्यंत जाता येते. सुई पाहत, वारंवार थांबत.

असल्या मोटारींची आणखी एक अडचण असते. कित्येकींत इंजिन बसणाऱ्यांच्या पाठीशी आणि रेडिएटर पुढे, त्यामुळे पाण्याच्या नळ्या मोटारीच्या पोटाखालून लांबवर गेलेल्या. पाणी भरले तरी मध्ये हवा अडकून राहते. ती काढल्याशिवाय मोटार पुन्हा तापते. आपले बोअरचे क्षारांचे पाणी तर कधीच घालू नये. चहाच्या भांड्याला जो पांढरा थर बसतो तोच आत बसतो. अडल्या वेळी कोणतेही स्वच्छ पाणी चालेल, पण ते नंतर काढून टाकलेच पाहिजे.

आमच्या मोटारीची गेली होती ती वीतभर लांबीची एक नळी. मला वास आला तेव्हाच थांबलो असतो तर काही शेकड्यांत भागले असते. पुढे गेल्यामुळे इंजिनाचा ॲल्युमिनियमचा माथा वाकला, मधले गॅस्केट गेले आणि पाणी तेलात मिसळले. मिस्त्रींनी तेलाचे टोपण काढून दाखविले, आत ताकावरच्या फेसासारखा पांढरट लगदा होता. सुटे भाग मिळता मिळेनात. चार महिने गेले आणि फंडातली बरीच रक्कमही. पैशांपेक्षा मला ह्यांचे दुःख सोसवेना. रोज संध्याकाळी गॅरेजच्या दारात जाऊन उभे राहत आणि न बोलता परत येत. एके दिवशी जेवताना म्हणाले, "तुला वास आला होता, नाही?" मी म्हटले, "सुईही दिसली होती." मग पुष्कळ वेळ कोणीच काही बोलले नाही.

मोटार अजून आहे. सगळ्या रबरी नळ्या बदलून घेतल्या. निघण्यापूर्वी, इंजिन गार असताना, मी प्रत्येक नळी दाबून पाहते. बिस्किटासारखी कडक किंवा पोळीसारखी लिबलिबीत लागली, पट्ट्यापाशी फुगलेली दिसली, तर निघायचे नाही. डिकीत पाच लिटर पाणी, ट्यूबच्या पट्ट्या, तार, विजेरी आणि जुनी सोलापुरी चादर असते. रविवारी सकाळी ऊन चढण्यापूर्वी आम्ही सात रस्त्यापर्यंत फेरी मारून येतो. हे रस्ता पाहतात आणि मी सुई पाहते.