रिपोर्टच्या तळाशी दोन ओळी

पॅथॉलॉजिस्ट व लॅब तंत्रज्ञ मित्रमैत्रिणींनो,

अधिवेशनाच्या अध्यक्षाने आधी आपण या पदाला लायक नाही असे म्हणावे, असा रिवाज आहे. मी त्याऐवजी माझ्याच लॅबमधली एक चूक सांगतो. लायकीचे काय ते तुम्ही ठरवा.

२०२१ चा जून. एक निवृत्त गुरुजी आले. कोविशिल्डचे दोन्ही डोस झालेले. म्हणाले, ‘अँटिबॉडी किती निघतात ते बघा.’ काउंटरवरच्या मुलाने यादीत सापडली ती चाचणी लावली. प्लेन बल्ब भरला, रक्तजल मशीनवर गेले, संध्याकाळी रिपोर्ट निघाला: निगेटिव्ह. दुसऱ्या दिवशी गुरुजी परत आले ते पडलेल्या चेहऱ्याने. ‘डॉक्टर, म्हणजे लस माझ्या अंगी लागलीच नाही का हो?’

मशीन बरोबर होते, किट बरोबर होते, कंट्रोल बरोबर लागले होते. चुकला होता तो प्रश्न. आमचे किट विषाणूच्या आतल्या न्यूक्लिओकॅप्सिड प्रथिनाविरुद्धच्या अँटिबॉडी शोधत होते. कोविशिल्ड शरीराला ओळख करून देते ती फक्त बाहेरच्या काट्यांची, म्हणजे स्पाइक प्रथिनाची. त्यामुळे निव्वळ लस घेतलेल्या माणसात ही चाचणी निगेटिव्हच यायला हवी. त्या रिपोर्टचा खरा अर्थ एवढाच होता की गुरुजींना तोवर कोरोना होऊन गेल्याची खूण रक्तात दिसत नाही. बातमी बरी होती, आम्ही ती अशुभ करून घरी पाठवली.

आणि हे आपल्याला नवीन होते का? हिपॅटायटिस बी मध्ये आपण हेच वर्षानुवर्षे शिकलो आणि शिकवले. लस घेतलेल्याच्या रक्तात पृष्ठभागावरच्या प्रतिजनाविरुद्ध अँटिबॉडी मिळतात. गाभ्याविरुद्धच्या मिळाल्या तर प्रत्यक्ष विषाणू येऊन गेला असे समजायचे. परीक्षेत हे लिहून आपण मार्क मिळवले आणि कोरोनात विसरलो. कोव्हॅक्सिनची गोष्ट आणखी वेगळी. तिच्यात निष्क्रिय केलेला अख्खा विषाणू असतो, त्यामुळे आजार न होताही न्यूक्लिओकॅप्सिडची चाचणी पॉझिटिव्ह येऊ शकते. म्हणजे कोणती लस घेतली हे विचारल्याशिवाय रिपोर्ट वाचताच येत नाही. आपल्या फॉर्मवर तो रकाना होता का?

पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने मे २०२० मध्ये देशी एलायझा किट तयार केले, त्याचा आपल्या सगळ्यांना अभिमान आहे. त्याचे नाव मात्र ‘कवच’ ठेवले गेले, आणि लोकांना वाटले पॉझिटिव्ह आलो म्हणजे कवच मिळाले. अँटिबॉडी चाचणी खरी शोभते ती सर्वेक्षणात. जुलै २०२० च्या सर्वेक्षणात मुंबईच्या तीन वॉर्डांत झोपडपट्टीतल्या ५७ टक्के आणि बाहेरच्या १६ टक्के लोकांत अँटिबॉडी सापडल्या. साथ कुठवर पोचली हे त्या दोन आकड्यांनी सांगितले. पण त्यातला एकेक माणूस सुरक्षित आहे की नाही, हे त्यांनी सांगितले नव्हते.

एकेका माणसापाशी आले की हिशेब कसा फिरतो पाहा. हजार लोक धरा, त्यातल्या दहांनाच लागण होऊन गेली आहे. चाचणी चांगली आहे: शंभर बाधितांतले ९५ पकडते, शंभर निरोग्यांतले दोनच चुकीने पॉझिटिव्ह दाखवते. दहांतले नऊ-दहा खरे मिळतील. उरलेल्या ९९० मधून वीसेक खोटे येतील. तिसांपैकी वीस खोटे! साथ गावभर पसरली की तीच चाचणी एकदम विश्वासार्ह वाटू लागते. किट तेच असते, गाव बदललेले असते.

आकड्यांच्या स्पर्धेबद्दल थोडेच बोलतो, कारण तिचा मला वीट आला आहे. ‘माझ्या आठशे, शेजाऱ्यांच्या अडीचशे’ असे सांगत लोक यायचे. दोन कंपन्यांची एककेच वेगळी होती. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२० मध्ये समान मापासाठी प्रमाण नमुना दिला, पण आपल्या कितीतरी रिपोर्टांवर कंपनीचे एकक तसेच छापले जात राहिले. हिपॅटायटिस बी ला १० आणि रेबीजला ०.५ ही मान्य पातळी आहे. कोरोनाला अशी सर्वमान्य पातळी ठरली नव्हती. शिवाय आयजीजी अँटिबॉडी साधारण तीन आठवड्यांत निम्म्या होतात. नव्या बनत राहतात, पण आकडा उतरतोच. शरीराची आठवण मात्र राहते: पीक कापले तरी बियाणे कणगीत असते. आपली चाचणी शेत मोजते, कणगी नाही.

कोरोना मागे पडला, असे म्हणून मला थांबवू नका. दर पावसाळ्यात डेंगी येतोच. तापाच्या दुसऱ्या दिवशी आयजीएमची पट्टी निगेटिव्ह आली म्हणून नातेवाईक निर्धास्त होतात. त्या दिवशी बघायचे असते एनएस-वन. आयजीएम बहुधा पाचव्या दिवसाच्या आसपास दिसू लागते, आणि मग दोन-तीन महिने रेंगाळू शकते. म्हणून सप्टेंबरमधली पॉझिटिव्ह पट्टी कधी जुलैच्या तापाची असते. त्यात डेंगी, झिका, जपानी मेंदूज्वर हे विषाणू एकाच कुळातले, त्यांच्या अँटिबॉडी एकमेकांच्या दारात उभ्या राहतात. २०२१ मध्ये पुरंदरच्या बेलसरला झिका सापडल्यापासून ही गोष्ट आपल्यासाठी पुस्तकातली राहिलेली नाही.

एक चाचणी मला सर्वांत जास्त छळते. गर्भारपणात ‘टॉर्च’ ही संसर्गांची तपासणी केली जाते, रुबेला आयजीजी पॉझिटिव्ह येते, ठळक अक्षरांत छापले जाते, आणि सासरच्या घरात सुतक उतरते. नोव्हेंबर २०१८ मध्ये आपल्या राज्यात गोवर-रुबेलाची मोहीम सुरू झाली. तेव्हा शाळेत रांगेत उभ्या राहून दंड पुढे केलेल्या मोठ्या मुली आता लग्नाच्या वयाच्या आहेत. त्यांच्या रक्तात ही अँटिबॉडी असणारच. ती असावी म्हणून तर सुई टोचली होती! तो रिपोर्ट ठळक अक्षरांत छापून आपण कोणाला घाबरवतो आहोत?

तेव्हा माझी मागणी छोटी आहे. तिला ना सरकारी परिपत्रक लागते ना नवे मशीन. फॉर्मवर विचारा: ताप कधी आला, कोणती लस घेतली, कोणत्या तारखेला. आणि रिपोर्टच्या तळाशी मराठीत दोन ओळी लिहा: ही चाचणी काय शोधते, आणि काय सांगू शकत नाही. खाली पत्ता नि शाखांची यादी छापतो, तेवढीच जागा पुरते. तुम्ही आपापला मजकूर लिहून पाठवा. पुढच्या अधिवेशनात आपण तो सर्वांसमोर वाचून ठरवू.