आडनाव जुळलं म्हणून भाऊबंद नव्हेत

शब्दांच्या कुळकथा ऐकण्याची गोडी आपल्याकडे वाढते आहे, याचा आनंदच आहे. काळजी वाटते ती एका सवयीची. शब्द फोडायचा, हाती लागेल तो तुकडा धरायचा आणि त्याचा ‘खरा अर्थ’ जाहीर करून मोकळं व्हायचं. ‘डिप्लोमसी’चं घ्या. ‘डि’ म्हणजे दोन, तेव्हा डिप्लोमसी म्हणजे दुतोंडीपणा, असं बिनदिक्कत सांगितलं जातं. त्यात दोन आहेत हे खरं, पण ती दोन तोंडं नव्हेत, दुहेरी घडी आहे. ग्रीकमध्ये ‘डिप्लोमा’ म्हणजे घडी घातलेलं पत्र. रोमन काळात सरकारी टपालाच्या घोड्यांवर प्रवास करण्याच्या परवान्यालाही हेच नाव होतं. पुढे ते सनदांना आणि तहनाम्यांना लागलं. १६८१ साली माबियाँ या फ्रेंच साधूने जुने दस्तऐवज अस्सल की बनावट हे पारखण्याचं शास्त्र मांडलं, त्या ग्रंथाच्या नावात याच शब्दाचं विशेषण आहे. १६९३ मध्ये जर्मन तत्त्वज्ञ लाइबनिट्सने तहनामे आणि तशीच कागदपत्रं एकत्र छापली, त्या संग्रहाच्या नावातही तो आहे. कागदांचं हे विशेषण हळूहळू तह करणाऱ्या माणसांना चिकटलं, आणि अठराव्या शतकाच्या अखेरीस ‘डिप्लोमसी’ इंग्रजीत रुळली. कागद आधी, वकील मागाहून. आपला ‘मुत्सद्दी’ तरी कुठून आला? मुळात तोही दप्तरातला कारकून, हिशेबनीसच.

सोयरीक जुळवताना आडनाव सारखं दिसलं म्हणून कोणी भाऊबंदकी ठरवत नाही. मूळ गाव विचारतो, मामेकूळ विचारतो, घराणं तिथून उठून कुठे कुठे राहिलं ते विचारतो. शब्दाचंही तसंच करा, एवढंच सांगणं आहे. ‘ॲम्बॅसडर’ आणि ‘अँबर’ यांचं आडनाव सारखं वाटतं ना? गाव विचारा. ॲम्बॅसडरच्या मुळाशी गॉल प्रदेशातला ‘अँबाक्टुस’ आहे, म्हणजे सरदाराच्या पदरी असलेला माणूस. सीझरच्या लेखनात तो भेटतो. अँबरचं गाव अरबी ‘अंबर’. दोघांचा काडीचा संबंध नाही.

आणि या अरबी अंबराची कथा तर फारच बोलकी आहे. तो म्हणजे आज अँबर म्हणतात तो पिवळा, पारदर्शक, झाडाच्या चिकापासून झालेला खडा नव्हताच. स्पर्म व्हेलच्या आतड्यात तयार होणारा, समुद्रावर तरंगत किनाऱ्याला लागणारा सुगंधी पदार्थ म्हणजे अंबर. कोकण किनाऱ्यावर तस्करीत पकडली जाणारी ‘व्हेलची उलटी’, ती हीच. बाल्टिक समुद्राकाठी लाटा राळेचे खडे आणून टाकत, म्हणून युरोपात दोहोंना एकच नाव पडलं असावं. मग फ्रेंचांनी करडा अंबर आणि पिवळा अंबर असा भेद केला. इंग्रजीत ‘अँबर’ हे सुटं नाव शेवटी उरलं ते पिवळ्या खड्याकडे, आणि मूळ मालकाला ‘अँबरग्रिस’ असं लांबलचक नाव घ्यावं लागलं. आपल्या मलिक अंबराच्या नावात पुष्कळांना आकाश दिसतं. तो हबशी होता, गुलाम म्हणून विकला गेला होता, आणि गुलामांना सुगंधी, मोलाच्या वस्तूंची नावं देण्याची तेव्हा रीत होती. ते अंबर अरबी आहे, संस्कृत नव्हे. पुन्हा सांगतो, गाव विचारा.

कोणी म्हणेल, अर्थ असे बदलतातच, तर मुळाशी जायचंच कशाला? जायचं, कारण शब्दाच्या प्रवासात व्यापार दिसतो, दप्तरं दिसतात, गुलामांचे बाजार दिसतात. पण त्या प्रवासावरून आजच्या अर्थाला खोटं पाडता येत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: काही ठिकाणी मूळ खरोखरच अर्थ उलगडतं. मान्य. ग्रीकांचा अँबर म्हणजे ‘इलेक्ट्रॉन’. घासल्यावर तो काडीकचरा ओढतो, म्हणून १६०० साली विल्यम गिल्बर्ट या इंग्रज वैद्याने तसं ओढणाऱ्या सगळ्या पदार्थांना त्याच्यावरून नाव दिलं, आणि त्यातूनच ‘इलेक्ट्रिसिटी’ आली. पण इथेसुद्धा हे नातं नुसत्या उच्चारावरून ठरलेलं नाही, गिल्बर्टचा ग्रंथ समोर आहे. फारसीत याच खड्याला काडी ओढणारा म्हणतात, आणि संस्कृतातल्या ‘तृणमणी’चा विचार केला तर… पण घड्याळ थांबायला तयार नाही.