प्रणयाचा खेळ आणि आपला मेळावा
(वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



दूरचित्रवाणीवरील प्रणयस्पर्धांमुळे समाजाची नीती ढासळत आहे, या विषयावर आम्ही चार शब्द बोलावे, अशी चिटणीसांची आज्ञा झाली. मास्तराच्या हाती ध्वनिक्षेपक आला म्हणजे तो उपदेश करणारच. तो आम्ही करू. परंतु त्यातून आम्ही स्वतःलाही वगळणार नाही.

हा प्रकार मूळचा परदेशी. अमेरिकेत १९६५ साली ‘द डेटिंग गेम’ सुरू झाला. पडद्याआडच्या तिघांना प्रश्न विचारून त्यांतील एकाची निवड करावयाची, एवढाच तो खेळ. २००२ साली आलेल्या ‘द बॅचलर’मध्ये एका तरुणासमोर पंचवीस तरुणी उभ्या राहिल्या आणि प्रत्येक भागात काहींना निरोप मिळू लागला. आपल्याकडे २००८ साली ‘स्प्लिट्सव्हिला’ आणि २००९ साली ‘राखी का स्वयंवर’ हे कार्यक्रम आले. त्या स्वयंवरात वाङ्निश्चय झाला, विवाह मात्र झाला नाही.

यात निंद्य काय? तरुणतरुणी एकमेकांशी बोलतात, हे खचित नव्हे. माणसाच्या नकाराचा तमाशा होतो, त्याचे अश्रू जाहिरातींच्या मधोमध विकले जातात आणि आपण ते घरी बसून चवीने पाहतो, हे निंद्य होय.

तथापि ‘नीती बुडाली’ ही हाकाटी नवी नाही. अकराव्या वर्षी विवाह झालेल्या रखमाबाईंनी नांदावयास जाण्याचे नाकारले. १८८७ साली न्यायालयाने पतीकडे जा, अन्यथा तुरुंगात जा, असे फर्मावले, तेव्हा त्यांनी तुरुंग पत्करण्याची तयारी दर्शविली. त्या वेळीही धर्म बुडाल्याची ओरड झालीच होती. पुढे त्याच रखमाबाई विलायतेत शिकून डॉक्टर झाल्या. १८९९ साली देवलांचे ‘शारदा’ रंगभूमीवर आले, तेही मुलीच्या संमतीवाचून ठरणाऱ्या विवाहाचे दुःख घेऊनच. मुलीने स्वतः निवड करणे ही अवनती नव्हे. ती कष्टाने मिळविलेली कमाई आहे.

आता आपल्या घरचे सांगतो. गतवर्षीच्या वधूवर मेळाव्यात पुकारा करण्याचे काम आमच्याकडे होते. मुली छातीवर क्रमांक लावून रांगेत उभ्या होत्या. ‘क्रमांक सत्तावीस’ असे आम्ही पुकारले आणि आमची सख्खी पुतणी पुढे आली. तिने उंची सांगितली, शिक्षण सांगितले. मागील रांगेतून कोणीतरी तिच्या वर्णावर शेरा मारला व हशा पिकला. घरी परतताना ती एवढेच म्हणाली, “काका, दूरदर्शनवर त्या मुली निदान आपखुशीने जातात. माझा अर्ज बाबांनी भरला होता.”

आम्ही निरुत्तर झालो. आयुष्यभर हजेरी घेताना आम्ही प्रत्येक मुलाला नावाने हाक मारली आणि त्या दिवशी घरच्या लेकीला क्रमांकाने पुकारले!

म्हणून कार्यकारिणीपुढे आमची नम्र विनंती आहे. अर्जावर वधूवरांची स्वतःची सही असावी. ‘वर्ण’ हा रकाना काढून टाकावा. क्रमांकाऐवजी नावाने पुकारावे. व्यासपीठावरील प्रदर्शन थांबवून दोन कुटुंबांना निवांत बसून बोलता येईल अशी जागा द्यावी. आणि हुंड्याची बोलणी तेथे कोणी काढू नयेत, कारण १९६१ पासून तो कायद्यानेही गुन्हा आहे.

एवढे झाल्यास दूरचित्रवाणीला बोल लावण्याचा अधिकार आपणांस प्राप्त होईल. तोवर तिच्या पडद्यात आपलेच प्रतिबिंब दिसते, असे आम्हांस वाटते.