अंगात आलेला शब्द

आजचा शब्द तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या बायोडेटात सापडेल. एन्थुझिअ‍ॅझम. तो नसेल तर त्याचा भाऊ असेल, 'टेक एन्थुझिअ‍ॅस्ट'. हॉस्टेलवर आम्ही त्याचं 'एन्थू' करून टाकलं होतं, आणि फेस्टची सगळी कामं अंगावर घेणारा तो 'एन्थू कटलेट'. हे कटलेट आपल्याकडेच मिळतं बरं का. लंडनच्या क्लायंटला म्हणालात तर तो प्लेट शोधेल.

शब्द मूळचा ग्रीक. 'एन' म्हणजे आत, 'थेऑस' म्हणजे देव. आत देव शिरलेला माणूस. आपल्याकडे याला आयता शब्द आहे, अंगात येणं! जत्रेत वाद्यांच्या तालावर घुमणारी बाई डोळ्यांसमोर आणा, मूळ अर्थ तिथे आहे.

म्हणूनच सतराव्या-अठराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये ही चक्क शिवी होती. 'देव थेट माझ्याशी बोलतो' म्हणणारा तो एन्थुझिअ‍ॅस्ट. जॉन लॉकने १७०० साली आपल्या ग्रंथाच्या चौथ्या आवृत्तीत या खुळावर एक अख्खं प्रकरण वाढवलं. मेथडिस्ट पंथाच्या जॉन वेस्लीवर हाच शिक्का बसायचा. पुढे देव गेला, जोश उरला, आणि शिवीचं कौतुक झालं.

वापराचं पटकन सांगतो. नाम असेल तर पुढे बहुतेकदा 'फॉर', विशेषण असेल तर 'अबाउट'. 'एन्थ्यूज' हे क्रियापद एकोणिसाव्या शतकात मागून पाडलेलं आहे. जुन्या वळणाच्या लोकांना ते अजून खटकतं, तेव्हा औपचारिक मेलमध्ये टाळा.

आता शब्दकोश याला 'उत्साह' म्हणतो. चालतं, पण पूर्ण जुळत नाही. उत्साहात 'सह्' धातू आहे, सहन करणं, पेलणं यातला. भरताच्या नाट्यशास्त्रात वीररसाचा स्थायीभाव उत्साहच आहे. स्थायी! म्हणजे आला आणि गेला, असा नाही.

हे मला महत्त्वाचं का वाटतं, सांगतो. आमच्या टीममध्ये एक ताई होती. मीटिंगमध्ये दोन वाक्यं बोलायची, चॅटवर नाचणाऱ्या इमोजी नाहीत की काही नाही. रात्री दोनला सर्व्हर पडला की तोच शांत आवाज फोनवर यायचा, 'लॉग उघड, बघू.' सकाळपर्यंत हलायची नाही. अप्रेझलमध्ये तिच्या नावापुढे आलं, एन्थुझिअ‍ॅझम कमी. रेटिंग उतरलं, त्यासोबत पगारवाढही. माझ्या मते साहेब तिच्या अंगात येण्याची वाट बघत होते. तिच्याकडे उत्साह होता, घुमणं नव्हतं. आणि फॉर्मवर रकाना एकाच शब्दाचा होता. पुढच्या चार महिन्यांत तिने कंपनी सोडली. आता रात्री दोनचा फोन मला येतो.

पुढच्या भागात 'पॅशन' घेऊ. त्याचं लॅटिन मूळ दुःख भोगण्यात आहे, आणि नोकरीच्या प्रत्येक जाहिरातीत तो शब्द असतो. भेटूच!