बाबांची पंच्याहत्तरी

(मंडळाच्या जानेवारी २०२६ मधल्या संक्रांत मेळाव्यात केलेलं भाषण. बोलण्याच्या ओघात राहिलेल्या दोन-चार गोष्टी लिहिताना घातल्या आहेत.)



कार्यक्रम समितीचा फोन आला तेव्हा मला सांगण्यात आलं, "दहा मिनिटं बोला, आणि विषय जरा हलकाफुलका ठेवा." मी विचारलं, "सुट्टीत भारतात जायचं होतं आणि जाता आलं नाही, यावर बोलू का?" पलीकडे क्षणभर शांतता. मग उत्तर आलं, "बोला. अर्धा हॉल तुमच्याच बोटीत आहे." तेव्हा हलकंफुलकं किती होईल सांगता येत नाही, पण दहा मिनिटांची हमी देतो. (ती पाळली गेली नाही, हे हजर असलेल्यांना माहीत आहे.)

धंद्याने मी आयटी कन्सल्टंट. कुणाचा सर्व्हर पडला, डेटा सेंटरमध्ये पाणी शिरलं, तर काय करायचं याचे जाडजूड आराखडे लिहिणं हे माझं काम. प्लॅन फसला तर रोलबॅक कसा करायचा, कुणाला आधी फोन करायचा, सगळं तक्त्यात भरून देतो. लोक त्याचे पैसेही देतात. घरच्या ट्रिपसाठी मात्र मी एका ओळीचाही आराखडा केला नव्हता.

आमचा बेत असा. २८ डिसेंबर २०२५, रविवार, बाबांना पंच्याहत्तर वर्षं पूर्ण. विट्याला हॉल घेतलेला, आचारी ठरलेला, दीडशे माणसांना आमंत्रणं. आम्ही तिघं १७ तारखेला डलेसहून निघणार, २२ ला मुंबईत व्हिसाचा इंटरव्ह्यू, मग विटा. हर्नडनला राहणाऱ्याला विमानतळ म्हणजे मागचं अंगण. सकाळी चहा घेताना डोक्यावरून विमानं जातात, आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये सिल्व्हर लाइन सुरू झाल्यापासून तर हर्नडन स्टेशनवर चढलं की पुढच्या दोन स्टेशनांत डलेस. इतक्या जवळून निघायचं, त्यात काय अडणार?

तशा पाली चुकचुकल्या होत्या. डलेसहून दिल्लीला थेट जाणारं विमान १ सप्टेंबर २०२५ पासून बंद झालं. दुसऱ्याच दिवशी, म्हणजे २ सप्टेंबरपासून, आपल्यासारख्यांसाठी ड्रॉपबॉक्सची सोय गेली. डिसेंबर २०२२ मध्ये मी नुसता पासपोर्ट डब्यात टाकून शिक्का मिळवला होता, आता प्रत्यक्ष मुलाखत आली. त्यातच शुक्रवार १९ सप्टेंबरची ती रात्र आठवा. एच-वन-बीच्या एक लाख डॉलरची घोषणा झाली आणि पितृपक्षाच्या शेवटच्या दोन दिवसांत अर्धी बिरादरी विमानतळांवर धावत होती. शनिवारी खुलासा आला, की ही रक्कम एकदाच आणि फक्त नव्या अर्जांना. तोवर ज्यांनी निम्म्या वाटेवरून परतीची तिकिटं काढली होती त्यांचे पैसे गेले ते गेलेच. मी तेव्हा घरात बसून म्हणालो होतो, "बरं झालं, आपला प्रवास डिसेंबरात आहे."

डिसेंबरच्या सुरुवातीला कळलं की १५ तारखेपासून एच-वन आणि एच-फोरवाल्यांची सोशल मीडियाची तपासणी होणार, त्यामुळे दिवसाला कमी मुलाखती. मग ई-मेल आली. २२ डिसेंबरची वेळ रद्द, नवी तारीख मार्च २०२६. खाली असंही, की जुन्या तारखेला आलात तर आत सोडणार नाही.

ज्यांची ग्रीन कार्डं झाली आहेत त्यांना हे विसरायला झालं असेल, म्हणून सांगतो. इथे राहण्याची माझी परवानगी धडधाकट आहे. ऑफिस चालू, पगार चालू, टॅक्स तर फारच चालू. फक्त पासपोर्टवरचा शिक्का संपलेला. म्हणजे आत बसायला हरकत नाही, पण एकदा उंबरा ओलांडला की नवा शिक्का घेतल्याशिवाय परत येता येत नाही. इथल्या इथे शिक्का नवा करून द्यायचा एक प्रयोग २०२४ च्या जानेवारी ते एप्रिलमध्ये झाला होता, वीस हजार जणांपुरता. आणि ग्रीन कार्डाची आपली ईबी-टूची रांग गेल्या डिसेंबरात २०१३ सालच्या अर्जांपाशी उभी होती. माझा अर्ज २०१६ चा.

जावं की न जावं यावर आमच्याकडे दोन रात्री खल झाला. जायला कुणी अडवत नव्हतं. पण मार्चपर्यंत तिकडे अडकायचं, तर क्लायंटच्या नियमाप्रमाणे लॅपटॉप देशाबाहेर नेता येत नाही. तीन महिने बिनपगारी, घराचा हप्ता, मुलीची दुसरीची शाळा. मुलगी अमेरिकन नागरिक, तिला कसलीच अडचण नाही, पण सात वर्षांच्या पोरीला एकटं कोण पाठवणार? तिसऱ्या दिवशी सकाळी मी तिकिटं रद्द केली. यातलं एक कामाचं सांगतो. विमान कंपनीने उड्डाण रद्द केलं किंवा आंतरराष्ट्रीय विमानाची वेळ सहा तासांहून जास्त हलवली, आणि तुम्ही ते नाकारलंत, तर पैसे परत देण्याचा नियम इथे २०२४ पासून पक्का झाला आहे. पण तुमच्या मुलाखतीची तारीख हलली हा विमान कंपनीचा दोष नव्हे. तिकीट घेताना बारीक अक्षरं वाचा. मी ती नंतर वाचली.

आता खरा भाग. घरी सांगणं.

मी एक चूक केली. फोन करायचा धीर होईना, म्हणून फॅमिली ग्रुपवर लांबलचक मेसेज टाकला, ई-मेलच्या स्क्रीनशॉटसकट. जणू क्लायंटला पाठवायची नोटीस. पाचच मिनिटांत ताईचा फोन.

ताई माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी, राहते विट्यातच. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती शांतपणे म्हणाली, "कागद पाठवलास, ते बरं केलंस. मागच्या वेळीही पाठवला होतास."

मागची वेळ म्हणजे मे २०२१. दुसऱ्या लाटेत आई गेली. ४ मेपासून भारतातून इकडे यायला बंदी लागली होती. मूल अमेरिकन असलेल्या आईबापांना तिच्यात सूट होती, पण माझा शिक्का तेव्हाही संपलेला आणि वकिलातींचं नेहमीचं व्हिसाचं काम बंद. मी गेलो नाही. दवाखाना, ऑक्सिजनची धावपळ, नंतरचे दिवस, सगळं ताईने एकटीने केलं. मी व्हिडिओवर होतो. त्या वेळी मी तिला त्या बंदीच्या आदेशाची लिंक पाठवली होती. का पाठवली असेन? तिने माझ्याकडे पुरावा मागितला नव्हता.

तिला माझ्याकडे उत्तर नव्हतं. "मी बाबांशी बोलतो," एवढंच म्हणालो.

बाबा एस.टी.त होते. विटा डेपोला वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झाले, एकूण नोकरी बत्तीस वर्षं. ज्यांच्या घरात एस.टी.चा माणूस आहे त्यांना माहीत असेल, सगळं जग दिवाळीला घरी जातं तेव्हा जादा गाड्या सोडायला हा माणूस डेपोत. पहाटे चारला बाहेर, रात्रीचा पत्ता नाही. लहानपणी आमच्याकडे पहिली आंघोळ नरकचतुर्दशीला व्हायचीच असं नाही. बाबांची ड्युटी ज्या दिवशी सुटेल त्या पहाटे आई आम्हाला उठवायची, उटणं लावायची, दारात पणत्या. कधी ती भाऊबीज असायची, कधी त्यानंतरचा मंगळवार. शेजारचे हसायचे. आम्हालाही लाज वाटायची, कारण तोवर गल्लीतले फटाके संपलेले असत. आई म्हणायची, "आपली दिवाळी आज आहे." चर्चा संपली.

तर बाबांना फोन केला. आधी प्रकृती, मग हवा, मग इथे बर्फ पडलं का. मी अडखळत सांगायला लागलो. त्यांनी पुरतं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "गाडी रद्द झाली की पॅसेंजर कंट्रोलरच्या खिडकीवर येऊन भांडतो. भांडू द्यायचं. त्याचं बरोबरच असतं. ताईला भांडू दे." आणि थोड्या वेळाने, "वाढदिवस काय एस.टी. आहे का रे, सुटायला? तू ये, तेव्हा पंच्याहत्तरी करू."

मी म्हटलं, हॉलचं काय, दीडशे माणसांचं काय? त्यावर निवाडा असा झाला: जेवण ठरल्या दिवशी होईल, कारण आचाऱ्याला ॲडव्हान्स दिलाय. औक्षण थांबेल.

इकडे लेकीला सांगायचं राहिलं होतं. आजोबांनी तिला शेजारच्या गोठ्यातलं वासरू दाखवायचं कबूल केलं होतं, आणि तिची बॅग दारात तयार. "व्हिसा" वगैरे सांगून पाहिलं. तिने विचारलं, "पण माझा पासपोर्ट तर चांगला आहे ना?" याला काय बोलणार? शेवटी हिने सरळ सांगितलं, की ठरलं होतं, मोडलं, आम्हालाही खूप वाईट वाटलंय. मग तिघंही जरा रडलो. मला वाटतं तेच बरं झालं. आपल्याकडे लगेच "जे होतं ते चांगल्यासाठी" म्हणायची घाई असते. चांगलं-बिंगलं काही नव्हतं त्यात.

सुट्टीचे रिकामे दिवस हे मात्र वाईट प्रकरण. रजा मंजूर, ऑफिसात कुणाला आपली गरज नाही, फ्रीज मुद्दाम रिकामा केलेला. आमच्या मागच्या ओळीत एक नागपूरची मुलगी राहते. तिची गोष्ट आमच्या उलट. नवरा नोव्हेंबरअखेर भावाच्या लग्नाला गेला आणि मुलाखत पुढे गेल्याने तिकडेच अडकला. इकडे ही आणि दहा महिन्यांचं बाळ. हिने एक दिवस तिला डबा दिला, दुसऱ्या दिवशी घरीच बोलावलं. मग कळलं, अमका थांबलाय, तमकीचे आईवडील येणार होते ते आले नाहीत. २५ तारखेला आमच्या छोट्या टाउनहाउसमध्ये अकरा मोठी माणसं आणि सात पोरं. मिसळ, पाव, आणि भारतात न्यायला घेतलेली चॉकलेटं. कुणी कुणाला धीर दिला नाही. पत्ते खेळलो आणि वकिलांच्या फीवर तोंडसुख घेतलं. बाळाच्या बापाला नागपुरातून व्हिडिओवर लावून टेबलावर ठेवलं होतं. त्याच्या वाटची मिसळ वाढून त्याच्यासमोर ठेवायचा विनोद कुणीतरी केला. तो हसला, पण नंतर बराच वेळ बोलला नाही. तसला विनोद करू नये.

वासराचं म्हणाल तर दुसऱ्या दिवशी लेकीला फ्राइंग पॅन फार्म पार्कमध्ये नेलं. हर्नडनमध्येच आहे, गायी-बकऱ्या-डुकरं सगळं. ती कुंपणापाशी उभी राहिली, एका गाईकडे पाहिलं आणि म्हणाली, "ही आजोबांची नाही." बरोबरच होतं. पण नंतर तासभर तिथून हलायला तयार नव्हती.

२८ तारखेला विट्यात सकाळचे अकरा म्हणजे आपल्याकडे रात्रीचे साडेबारा. लेकीला झोपेतून उठवून परकर-पोलकं घातलं. पडद्यावर हॉल, माणसं, नव्या टोपीत बाबा. ताई सारखी इकडून तिकडे, कॅमेऱ्याकडे बघेना. आत्याने ताट आणलं, पंच्याहत्तर दिवे लावलेलं. बाबांनी हात वर केला, डेपोत गाडी थांबवायला करायचे तसा. म्हणाले, "ओवाळायचं राहू द्या. ते पोरं आल्यावर. जेवा आता." लोक हसले. आत्याला कळेना दिव्यांचं काय करायचं. ताईने पुढे होऊन ताट घेतलं आणि आईच्या फोटोसमोर नेऊन ठेवलं. तेव्हा तिने पहिल्यांदा फोनकडे पाहिलं. मी काही बोललो नाही, तीही नाही. नेटवर्कमुळे चित्र तिथेच दोन-तीन मिनिटं गोठलं होतं.

आमची मार्चची तारीखसुद्धा गेल्या आठवड्यात पुढे गेली. आता ऑक्टोबर. बॅगा अजून भरलेल्याच आहेत. लेक त्यांच्यावर बसून टीव्ही बघते. हे कळवायला यावेळी मी आधी ताईला फोन केला, मेसेज नाही. कारणं सांगितली नाहीत. "ऑक्टोबर झालाय," एवढंच. ती बराच वेळ गप्प होती. मग विचारलं, "बाबांना बूट घेतलेस ते कितीचे?" मी म्हटलं, आठ नंबर, तूच सांगितला होतास. म्हणाली, "अरे, इथला आठ म्हणजे तुमच्याकडचा नऊ ना? चावतील त्यांना. बदलून आण, आता वेळ आहे."

काल बॅग उघडली. पावती बुटाच्या खोक्यातच होती. बदलून आणले.